आपलं गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं? (बेळगाव भागातल्या घराण्यांचा छापील कागदांतून शोध)

पेठ_शहापूर

मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या बाजूच्या बऱ्याच जणांकडून एकच प्रश्न येतो : "पणजोबांच्या मागे काही लागत नाही, सुरुवात कुठून करू?" तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी असावं म्हणून हा धागा.

बहुतेक जण आडनाव घेऊन शोधायला बसतात. माझं सांगणं, आडनाव बाजूला ठेवा आणि आधी गाव धरा. १९४८ च्या आधी ते गाव कुणाच्या अमलाखाली होतं, हे नक्की करा. आपल्या भागात निम्मा शोध तिथेच ठरतो. आजचा बेळगाव जिल्हा एकसंध दिसतो, पण तो तसा कधीच नव्हता. बेळगावचा किल्ला एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला आणि शहर, कॅम्प खालसात, म्हणजे थेट इंग्रजी अमलात, आले. त्याला लागून असलेलं शहापूर मात्र संस्थानं विलीन होईपर्यंत सांगलीकर पटवर्धनांचं, आणि पलीकडचं वडगाव कुरुंदवाडकरांचं. म्हणजे एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलात की राज्य बदललं, मामलेदार बदलला, दप्तरही बदललं. रायबाग कोल्हापूर संस्थानात. रामदुर्ग स्वतंत्र संस्थान. चिकोडी-मनोळी कोल्हापूरकडून इंग्रजांकडे आली १८२७ मध्ये. निपाणी सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई, यांच्याकडे होती, ते १८३९ मध्ये वारले. कित्तूर १८२४ पर्यंत देसाईंचं. आणि चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता, राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरला जोडला गेला.

याचा अर्थ सरळ आहे. चंदगडकराला खापरपणजोबा हवे असतील तर बेळगावच्या जुन्या कागदांत पाहावं लागेल, आणि रायबागकराला कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. आज आपण कुठल्या राज्यात राहतो, याचा त्या कागदांशी काही संबंध नाही.

पहिलं छापील साधन म्हणजे मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर. बेळगावचा खंड एकविसावा, १८८४ चा, जेम्स कॅम्बेल संपादक. कोल्हापूर आणि दक्षिण मराठा संस्थानं चोविसाव्या खंडात, १८८६. दोन्ही इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. सामान्य घराण्यांची नावं त्यात मिळणार नाहीत, तशी अपेक्षाही ठेवू नका. गावाची ओळख मात्र मिळते : बाजार कोणत्या वारी, देऊळ कुणी बांधलं, कोणते लोक काय उद्योग करत, दुष्काळात काय झालं. आणि जुनी तालुक्यांची नावं कळतात. बैलहोंगल भागाचा तालुका तेव्हा संपगाव, सौंदत्तीचा परसगड, खानापूरचा आधी बिडी. जुन्या कागदात "तालुके बिडी" वाचून भलत्याच गावाच्या मागे लागलेले लोक मी पाहिलेत.

गॅझेटिअर बहुतेकांना ठाऊक असतं. ज्याकडे फार कमी जण वळतात ते म्हणजे छापील निवाडे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई हायकोर्टाखाली होता, आणि इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून निघते. वतनाचा वाद, दत्तकाचा वाद, भाऊबंदकीतली वाटणी असा खटला हायकोर्टापर्यंत गेला असेल, तर निवाड्याच्या सुरुवातीलाच बहुधा वंशवृक्ष छापलेला असतो. चार-चार, पाच-पाच पिढ्या, कुणाला मूल नव्हतं, कोण दत्तक गेला, कुठल्या विधवेनं कधी दत्तक घेतला, सगळं. त्यात घरच्या मंडळींच्या अभिमानाला जागा नाही. दोन्ही पक्षांचे वकील एकेका नावावर भांडलेले असतात, म्हणून जे उरलंय ते बरंच पक्कं. पाटीलकी, कुलकर्णी वतन, देसगत, देवस्थान इनाम यातलं काहीही घरात असेल तर इथून सुरू करा. १८७४ च्या वतन कायद्यानंतर असे खटले भरपूर झाले.

एक इशारा देतो. आपल्याकडे आजोबांचं नाव थोरल्या नातवाला ठेवतात. त्यामुळे "राणोजी बिन बाळोजी" (म्हणजे बाळोजीचा मुलगा राणोजी) आणि "बाळोजी बिन राणोजी" आलटून पालटून दीडशे वर्षं चालू राहतात. नाव जुळलं एवढ्यावर दोन कागद जोडू नका. सर्व्हे नंबर, हिस्सा, बायकोचं नाव, भावाचं नाव, यातलं आणखी काहीतरी जुळल्याशिवाय ती व्यक्ती एकच आहे असं धरू नका.

घाटाखालचा_खानापूरकर

भारी धागा काढलात. मीपण लई दिवस झाले शोधूलालोय. पण आमच्या घरात ना वतन, ना इनाम, ना कोर्टकचेरी. नंदगडच्या बाजूला चार पिढ्या भातशेती. आमच्यासारख्यांचं नाव छापील पुस्तकात कुठं येणार? नंदगडबद्दल वाचायला गेलं की १८३१ ला संगोळ्ळी रायण्णांना तिथं फाशी दिलं तेवढंच येतं. ते आम्हाला लहानपणापासून माहीत आहेच की.

पेठ_शहापूर

@घाटाखालचा_खानापूरकर, प्रश्न अगदी योग्य आहे आणि बहुतेकांचा हाच आहे. वतन नसलेल्या घराचा माग जमिनीतून लागतो.

मुंबई सर्व्हे पद्धतीनं जमीन मोजून नंबर पडले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. तेच सर्व्हे नंबर पुढे पोटहिस्से पडत आजपर्यंत आलेत. आज भूमी या कर्नाटकाच्या जमीन-नोंदणीच्या संगणकातून जो उतारा निघतो त्यावरचा नंबर घ्या आणि उलटं चालत जा. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. तो तालुक्यातालुक्यांत हळूहळू लागू झाला आणि तिथून फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, सुरू होतात. वारसाचा प्रत्येक फेरफार म्हणजे एका पिढीची नोंद : अमुक मयत, वारस अमुक मुलगे, अज्ञान (अल्पवयीन) असेल तर पालक आई. त्यामागे आकारबंद (सर्व्हे नंबरवार क्षेत्र आणि सारा) आणि सर्व्हेचे मूळ कागद. आकारबंद, टिपण, फाळणी हे शब्द कर्नाटकातल्या कचेरीतही तसेच चालतात, त्यामुळे मागताना अडचण येत नाही.

छापील बाजूनं पाहायचं तर मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या मालिकेत तालुकावार फेरमोजणीचे अहवाल निघालेत. त्यात गावाच्या विहिरी, गाड्या, माग, जवळचा बाजार, सारा किती वाढवला हे मिळतं. पूर्वजाचं नाव नसेल, पण त्याला सारा का जड गेला, गावातली माणसं कुठल्या बाजारी भात नेत होती, हे कळतं. मला तोही घराण्याचाच इतिहास वाटतो.

आणि गाव नमुना १४ विसरू नका, जन्म-मृत्यूची नोंदवही. जिथे टिकली आहे तिथे सोनं आहे. बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं असतं. मृत्यूचं कारण असतं : ताप, पटकी, देवी. १८९६ नंतर प्लेगची आणि १९१८ ला इन्फ्लुएन्झाची पानं सलग वाचली की एकेका घरातली तीन-तीन माणसं आठवड्यात गेलेली दिसतात. ती पानं वाचताना घाई करू नका.

मोडी_बाई

मी मोडी वाचते, म्हणून तारखांबद्दल थोडं लिहिते. लोक कागदाचा फोटो पाठवतात, अक्षर लागतं, पण साल लागत नाही आणि सगळी साखळी पन्नास वर्षांनी सरकते.

पेशवाईतल्या कागदावर सुहूर सन असतो आणि तो आकड्यात नव्हे, अरबी शब्दांत असतो. एकक आधी, मग दशक, मग शेकडा, शेवटी हजार. उदाहरणार्थ "सबा सबैन मया व अलफ". सबा म्हणजे ७, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. झाले ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. साल मृग लागताना, म्हणजे मे अखेर-जूनमध्ये बदलतं, म्हणून दोन आकडे. तेव्हा हा कागद इ.स. १७७६-७७ चा. पुढे "छ" आणि एखाद्या मुसलमानी महिन्याचं नाव असेल तर ती चांद्र तारीख, तिच्यावरून दिवसापर्यंत जाता येतं. इंग्रजी अमलातल्या महसुली कागदावर फसली (महसुली सन) असते, तिच्यात ५९० मिळवा. फसली १२८६ म्हणजे १८७६-७७, मोठ्या दुष्काळाचं वर्ष. त्या साली जमीन पडीक, गहाण किंवा दुसऱ्याच्या नावावर दिसली तर कारण वेगळं शोधावं लागत नाही.

मिरज-सांगली-कुरुंदवाड पटवर्धनांच्या मुलखातल्या मंडळींनी वासुदेवशास्त्री खरे यांचा "ऐतिहासिक लेखसंग्रह" पाहावाच. पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं त्यांनी छापली आहेत, तीही देवनागरीत, म्हणजे मोडी येत नसलं तरी अडत नाही. कारकून, शिलेदार, गावचे पाटील, सावकार यांची नावं पत्रापत्रात येतात. पेशवे दफ्तरातून सरदेसायांनी काढलेले ४५ खंडही छापील आहेत. सूचीत आपलं आडनाव शोधून थांबू नका, गावाचं आणि परगण्याचं नाव शोधा. शहापूरकरांनी वर म्हटलंय ते इथंही लागू पडतं.

कृष्णाकाठ_अथणी

छापील कागदांचं चाललंय ते ठीक, पण आमच्या भागात घराण्यांची वंशावळ सांगणारे हेळवी आहेत त्यांना विसरून कसं चालेल? सुगी झाली की बैल घेऊन दारात येतात, घरातल्या थोरल्या माणसाला बसवतात आणि मूळ पुरुषापासून नावं म्हणत सुटतात. कुठून आलो, कुठल्या गावी किती दिवस राहिलो, कोण कुठं फुटला, कुलदैवत कोणतं. नवीन जन्मलेली पोरं वहीत लिहून घेतात, धान्य, कापड, पैसे घेतात आणि पुढच्या गावाला. त्यांची गावं आपसांत वाटलेली असतात, एका घराण्याचा हेळवी एकच. मराठी घर असो की कन्नड, लिंगायत असो की मराठा, त्यांच्या वहीत सगळे. आमच्या घराची एक फांदी अथणीत मराठी बोलते आणि दुसरी पलीकडं विजापूरच्या बाजूला कन्नड. आम्हाला हे हेळव्यानंच सांगितलं. कुठल्याही सरकारी कागदात ते नव्हतं.

पेठ_शहापूर

@कृष्णाकाठ_अथणी, मनापासून आभार, हे यायलाच हवं होतं. माझा अनुभव असा की हेळव्यांची वही स्थलांतराबद्दल फार विश्वासाची असते, कारण त्यांचं पोट त्यावर चालतं. घर कुठे गेलं हे माहीत नसेल तर पुढच्या वर्षी जाणार कुठे? साल मात्र त्यात नसतं. म्हणून वहीतली नावं घ्यावीत आणि सालं फेरफारातून, खटल्यातून, जन्म-मृत्यूच्या वहीतून लावावीत. दोन्ही एकत्र आले की चित्र उभं राहतं.

आणि एक विनंती. हेळवी आले की त्यांना बसवून, परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित करा. त्यांची पुढची पिढी शिकून नोकरीला लागली आहे, आणि लागायलाच हवी. पण म्हणणारा आवाज गेला की नुसती वही दुसऱ्या कुणाला लागत नाही, निम्म्या गोष्टी पाठ असतात, लिहिलेल्या नसतात.

त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही अशाच. जाताना गाव, जुना तालुका आणि आडनाव तिन्ही सांगा.

कॅम्पातला

आमच्याकडे तीन पिढ्या पलटणीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे, त्यामुळे या भागातल्या कितीतरी घरांतून कुणी ना कुणी गेलेलं असतं, आणि कितीतरी घरांत "आजोबांचे काका बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" एवढीच आठवण असते.

त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनची यादी आहे, इंटरनेटवर कुणालाही शोधता येते. हुद्दा, नंबर, पलटण, मृत्यूची तारीख, आणि बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही. जिल्हा बेळगाव टाकून आणि मराठा पलटण निवडून पाहा. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढा डिसेंबर १९१५ पासून, शरणागती २९ एप्रिल १९१६. त्यानंतर कैदेत गेलेल्यांतले कितीतरी परतले नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली गेली, हिंदी शिपायांचा पलटणीपुढे नुसता आकडा. नावं यादीत आहेत, दगडावर नाहीत. दुसऱ्या महायुद्धासाठी केरेन (एरिट्रिया) आणि इटलीतली स्मारकं पाहा, तिथे आपली माणसं आहेत.

शोधताना गावाचं नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असेल, तीन-चार तऱ्हांनी टाकून पाहा. माझ्या आजीच्या मामांची नोंद मी अशीच काढली. वडिलांचं नाव जुळलं, गाव जुळलं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ती नोंद वाचून दाखवली. त्यांना तारीख पहिल्यांदा कळली. आता त्या तिथीला घरात पान वाढलं जातं.

निपाणीची_लेक

वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मला एक विषय काढायचा आहे. वंशावळीत आम्ही बायका कुठे आहोत? हेळव्याच्या वहीत मुलगे, फेरफारात मुलगे, देवळातल्या फरशीवर मुलगे. माझ्या आजीच्या आईचं माहेर कुठलं, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. आजीची आजी तर नावानिशी गेली.

थोडं मी शोधलंय ते सांगते. शहापूरकरांनी सांगितलेल्या निवाड्यांतच बायका सापडतात, आणि बोलताना सापडतात. विधवेनं पोटगी मागितली, दत्तक घेतला, दिरानं आक्षेप घेतला, सासऱ्यानं परवानगी दिली होती की नव्हती यावर साक्षी झाल्या. तिथे त्यांचं नाव असतं, कधी माहेरचं नावही असतं, आणि त्यांचं म्हणणं असतं. दुसरं ठिकाण म्हणजे अज्ञान वारसाचा फेरफार, तिथे "अ. पा. क. आई" (अज्ञान पालनकर्ती आई) म्हणून नाव येतं. तिसरं, देवळांतले छोटे दानलेख : समई, घंटा, दीपमाळ. "अमकीची सेवा" एवढंच असतं, पण असतं.

आणि जुना दाखला हवा असेल तर तोही आपल्याच भागात आहे. देगावचं कमलनारायणाचं देऊळ गोव्याच्या कदंब घराण्यातल्या राणी कमलादेवींनी बाराव्या शतकात बांधवलं, शिलालेखात त्यांचं नाव आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या राणीचं नाव दगडावर आहे आणि माझ्या पणजीचं कागदावरही नाही, हे मला सोसत नाही. म्हणून मी आता माहेराकडून मागे जाणारी वेगळी वंशावळ लिहिते आहे, आई, तिची आई, तिची आई. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढच्या बायका आहेत त्यांनी हे आजच विचारून ठेवा. माहेर, बहिणींची सासरं, लग्न कुठल्या गावी लागलं.

अथणीचा_देसाई

आमच्या घरात परंपरेनं सांगतात की आम्ही सौंदत्तीच्या रट्ट राजांचे वंशज. रट्टांचे शिलालेख फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं छापलेत हेही खरं आहे. मग हे सिद्धच झालं ना?

पेठ_शहापूर

@अथणीचा_देसाई, परंपरा जपा, लिहून ठेवा, त्यात माझा काही वाद नाही. पण शिलालेखानं तुमचं घराणं सिद्ध होत नाही. बेळगाव किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, घ्या. चौथ्या कार्तवीर्य रट्टाचा मंत्री बिचिराज यानं ती बांधली, काळ १२०४. त्या वेळी बेळगाव, म्हणजे वेणुग्राम, रट्टांची राजधानी होतं. तिथले दोन शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि एपिग्राफिया इंडिकात छापलेले आहेत. राजा, मंत्री, दान, सीमा, सगळं त्यात मिळतं. पण तिथून तुमच्या घरातल्या पहिल्या सनदेपर्यंत काही शतकांचा काळ मोकळा आहे. त्यातली एकही पिढी कागदावर नसताना दोन टोकं जोडता येत नाहीत.

शिलालेखांचा खरा उपयोग गावासाठी आहे. हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका, तिथले ताम्रपट पाचव्या-सहाव्या शतकातले. आजची गावं, ओढे, तळी तेव्हाच्या दानलेखांत कुठे येतात ते लावत बसलं तर एका तालुक्याला जन्म पुरणार नाही. ते काम करायला माणसं हवी आहेत. मराठी, कन्नड, संस्कृत तिन्हींची थोडी थोडी जाण असलेली. ही माणसं आपल्याच भागात सापडतील.

नवीन_सभासद_हुक्केरी

गॅझेटिअरमध्ये आमच्या समाजाचं वर्णन आहे. ते दाखवून जातीचा दाखला मिळेल का? महाराष्ट्रात कुणबी नोंदींचं चाललंय म्हणून विचारतो.

पेठ_शहापूर

गॅझेटिअरमध्ये समाजाचं वर्णन आहे, तुमच्या घराची नोंद नाही. दाखल्याला घरातल्या माणसाच्या नावाची नोंद आणि तुमच्यापर्यंतची साखळी लागते, आणि नियम ज्या त्या राज्याचे. ते काम वकिलाला विचारून करा. पण त्यासाठी काढलेला प्रत्येक कागद घराण्याच्या फाइलमध्येही ठेवा, दाखला मिळो वा न मिळो.

घाटाखालचा_खानापूरकर

शहापूरकर, तुम्ही सांगितल्यासारखं सर्व्हे नंबर धरून मागं गेलो. जुने फेरफार मोडीत आहेत, मधले बाळबोध, नंतरचे कन्नड. कन्नड मुलीनं वाचून दिलं, ती कन्नड शाळेत आहे. एका फेरफारात "मयत, वारस दोन मुलगे" म्हणून आमच्या पणजोबांचं नाव आहे आणि त्यांचा एक भाऊ आहे. तो भाऊ आम्हाला माहीतच नव्हता. त्याचा हिस्सा पुढं विकलेला दिसतोय. मोडीचं पान मोडी बाईंना पाठवू का?

मोडी_बाई

पाठवा. पूर्ण पान पाठवा, फक्त नावाची ओळ नको. शेरा आणि समासातलं बारीक अक्षरही यायला हवं, विक्री कुणाला आणि का झाली ते बहुधा तिथंच असतं. आणि मुलीला सांगा, मोडी शिकायची असेल तर मी शिकवीन.

कॅम्पातला

@घाटाखालचा_खानापूरकर, विक्रीचं साल १९१५ ते १९२० मधलं असेल तर त्या भावाचं नाव आमच्या यादीतही टाकून बघा.